एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधली जागा

एमबीएच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येकानं एक स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा असतो. आमच्या कॉलेजात ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ असा होता, की गेल्या वर्षीच्या मुलांकडून अहवाल मागून घेताना मार्गदर्शकांना मध्ये आणायचं नाही. ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात असे अहवाल ओळीनं उभे होते. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. मी त्यातले बरेच चाळले. सगळ्यांत ग्राहक समाधानी होते. कुठं दुचाकीचे ग्राहक, कुठं दूध डेअरीचे, पण समाधान सारखंच. एका दुचाकीच्या शोरूमवरच्या अहवालात शेवटी ‘दुधाची प्रत सुधारावी’ अशी शिफारस राहून गेली होती. तिच्याखाली मार्गदर्शकांची, विभागप्रमुखांची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांची अशा तीन सह्या होत्या.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पुण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं दुसऱ्यांच्या रजा मोजल्यावर नोकरी सोडून धाराशिवला परत आले होते आणि वर्गातली मुलं मला ताई म्हणत होती. त्या वर्षी मला कुठंही धड बसवत नसे. घरी बसलं की वडील एखाद्या स्थळाची माहिती अशा आवाजात सांगायचे, की जणू पेपरात वाचलेली बातमी आहे. म्हणून ग्रंथालयात जायचं. तिथं दहा मिनिटं झाली की पाय हलायला लागायचे. मग उगाच एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या पाट्या वाचायच्या आणि परत यायचं. प्रकल्प खरा करायचा, असं मी ठरवलं त्यात तत्त्व वगैरे फारसं नव्हतं. कुठंतरी जायला कारण हवं होतं, एवढंच.

विषय मीच शोधला. आठवडी बाजारातले विक्रेते आपली बसायची जागा कशी निवडतात? पाठ्यपुस्तकात दुकानाच्या जागेवर एक अख्खं प्रकरण होतं. वर्दळ बघावी, लांबून दिसेल अशी जागा असावी, शेजारी कोण विकतं ते बघावं. मला वाटलं, बाजारातली माणसं हे न वाचताही करतच असणार. आपण जाऊन फक्त मोजायचं.

मार्गदर्शक सरांना विषय आवडला, पण छोटा वाटला. ते मार्चमध्येही कोट घालत. त्यांनी तिथल्या तिथं शीर्षक लांबवलं: ‘ग्रामीण आठवडी बाजारातील असंघटित विक्रेत्यांच्या स्थाननिश्चितीविषयक निर्णयप्रक्रियेचा विश्लेषणात्मक अभ्यास’. मग म्हणाले, “शीर्षक एका ओळीत बसलं तर परीक्षकाला वाटतं, पोरीनं काही केलेलं नाही. आणि एक लक्षात ठेवा, गाव असं घ्या की जिथं तुमचा एकही नातेवाईक नाही. नाहीतर बायस येतो.”

आमच्या जिल्ह्यात आपला एकही नातेवाईक नसलेलं गाव शोधायला मला दोन आठवडे लागले. शेवटी अणदूरच्या पुढं, काळीपिवळी जीपनं अर्धा तास आत, एक गाव सापडलं. तिथला बाजार गुरुवारचा.

“आता यादी,” सर म्हणाले. “यादीशिवाय नमुना नाही, नमुन्याशिवाय संशोधन नाही.”

पद्धत अशी असते. आधी सगळ्यांची यादी करायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा. पुस्तकाच्या शेवटी आकड्यांचं एक कोष्टक असतं, त्यावर डोळे मिटून बोट ठेवायचं आणि जो नंबर येईल त्या माणसाला प्रश्न विचारायचे. म्हणजे आपल्या मनाचं काही उरत नाही. पण या बाजाराची यादी कुणाकडंच नव्हती. पावती फाडणाऱ्याकडं पावतीपुस्तक होतं, त्यावर नावं नव्हती. तेव्हा नंबर मीच द्यायचे ठरवले.

तिथं रस्त्याच्या दोन्ही कडांनी गटार आहे आणि गटारीवर सिमेंटचे ढापे टाकलेले आहेत. विक्रेते पाठीमागं ढाप्यांवर माल रचतात आणि पुढं ताडपत्री अंथरतात. पहिल्या गुरुवारी मी खडूची पेटी घेऊन गेले आणि प्रत्येकाच्या मागच्या ढाप्यावर पिवळ्या खडूनं नंबर टाकत निघाले. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं, सरांनी ते घालायलाच लावलं होतं. हातात पॅड.

“काय लिवताय म्याडम?” लसूणवाल्यानं विचारलं.

“नंबर.”

“कशाचा?”

“अभ्यासाचा.”

या उत्तरानं त्याचं समाधान झालेलं नव्हतं, पण गळ्यात पट्टा आणि हातात पॅड असलेल्या बाईला आपल्याकडं दोनपेक्षा जास्त प्रश्न कुणी विचारत नाही. तो पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस होता. लसणाच्या गड्ड्यांच्या वेण्या घालत बसलेला. त्याला एक्केचाळीस नंबर आला. त्याच्या शेजारी दोन ढाप्यांएवढी जागा रिकामी होती आणि तिच्यापलीकडं प्लॅस्टिकचे मग आणि टब विकणारी बाई होती. तिला बेचाळीस. मधल्या रिकाम्या जागेबद्दल मी वहीत लिहिलं, ‘येथे ग्राहकांना ये-जा करण्यासाठी वाट सोडली आहे.’ हे निरीक्षण मला स्वतःलाच आवडलं. ती वाट शाळेच्या भिंतीला जाऊन संपत होती. भिंतीत जायला वाट कोण कशाला सोडेल, हा प्रश्न मला पडला नाही.

एकशे सात नंबर झाले. परतीच्या एसटीत मी आठवड्यात पहिल्यांदा पाय न हलवता बसले होते.

दुसऱ्या गुरुवारी गेले तर माझे नंबर तिथंच होते, फक्त खडूचे राहिले नव्हते. टेम्पोच्या मागं नावं रंगवणारा एक पेंटर त्या गावात आहे. त्याच्याकडून लोकांनी ते ऑइलपेंटनं गिरवून घेतले होते. कुणी आकड्याभोवती चौकट काढली होती, कुणी वर ‘श्री’ लिहून घेतलं होतं. भेंडीवाल्या एकोणीस नंबरानं शेजारी कमळ काढलं होतं. आणि सगळा बाजार माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होता.

“ओटे कदी बांधणार म्याडम?” एकानं विचारलं.

“कसले ओटे?”

“आता तुमीच इचारा!” तो शेजाऱ्याकडं बघून हसला. “सिमेंटचे वो. वर पत्रा. ज्याचा नंबर त्याला ओटा.”

मी सांगितलं की ओटे-बिटे काही नाहीत, मी पंचायतीची नाही, कॉलेजची आहे, हा माझा अभ्यास आहे. पन्नासेक माणसांना सांगितलं. टबवाल्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, “तसंच म्हनावं लागतंय म्याडम. सरकारी माणूस पहिल्यांदा न्हायच म्हणतंय. आमाला म्हाईत हाय.”

जितकं नाही म्हणावं तितकी मी सरकारी होत होते. प्रश्नावली भरायला बसले तर ‘ही जागा का निवडली?’ या प्रश्नाला प्रत्येकजण साक्ष दिल्यासारखा ताठ होऊन सांगू लागला, “आमच्या बापापासून हितंच बसतो.” एका पोराचा बाप शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “माझ्या बी बापापासून, लिवा.” वर्दळ, दृश्यमानता वगैरे कुणाच्या तोंडी आलं नाही. रंग वाळला होता, आणि तो माझ्यामुळं लागला होता, हे मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. पण खरं काय बिघडलं ते तिसऱ्या गुरुवारी कळलं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक सत्तरीची म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन आली. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा मोठा चष्मा. सरळ चालत लसूणवाल्यापर्यंत आली आणि थांबली. तिथं वाट नव्हती. लसूणवाल्याची ताडपत्री एका बाजूनं आणि टबांची उतरंड दुसऱ्या बाजूनं पुढं सरकून मध्ये एकमेकांना भिडली होती.

“आगं बाई,” म्हातारी म्हणाली, “डोळा करून आले तर जागाच दिसंना.”

टबवाली हसली आणि लगेच हसायची थांबली. लसूणवाला मान खाली घालून वेणी घालत होता.

“सरक की रं,” म्हातारी त्याला म्हणाली.

“मावशी, तुमचा नंबर कुठाय?”

“कसला नंबर?”

“समद्यास्नी नंबर आलेत. हे बघा माझा, एक्केचाळीस. त्यो तिचा, बेचाळीस. मधी नंबरच न्हाय.”

म्हातारीनं काळ्या चष्म्यातून ढाप्याकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. “मधी मी हाय की,” ती म्हणाली.

लसूणवाला आणि टबवाली कानडीत काहीतरी बोलले. एकमेकांशी ते नेहमी कानडीतच बोलत, पण या वेळी आवाज उतरला होता. म्हातारीनं बोचकं तसंच डोक्यावर ठेवून थोडा वेळ वाट बघितली, मग वळली आणि रस्त्याच्या टोकाला, काळीपिवळ्या थांबतात तिथं जाऊन बसली.

मी टबवालीजवळ गेले. ती आपणहून बोलायला लागली, म्हणजे तिला राहवत नव्हतं. “तिची हाय जागा. तिच्या सासूची हुती, आता तिची. डोळ्याचं आपरेशन झालं, डाक्टरनं महिनाभर धुळीत जाऊ नगा म्हनून सांगितलं. बाजारात कुनी आलं न्हाय तर त्याची जागा सोडूनच बसायचं असतंय. शेजाऱ्यानं सांभाळायची. नवा कुनी आला तर ह्यो लसूणवालाच त्याला उठिवतो, हितं मावशी बसती म्हनून. मागं ती पाय मोडून पडली हुती तर पाच महिने ह्यानं जागा धरली.”

“मग आता?”

“आता ओटे हायत ना म्याडम. दोन ढापे म्हंजी ह्याला एक, मला एक. तुमीच तर मधली जागा सोडली. आमी म्हनलं, मावशीचं नाव कटलं.”

म्हणजे ती वाट नव्हती. ती एका गैरहजर बाईची जागा होती, शेजाऱ्यांनी राखलेली, आणि मी ती वहीत रिकामी म्हणून लिहिली होती. मी माणसांना नंबर दिले. त्या बाजारात जागा माणसाशिवायही माणसाची असते, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही सुचलं नव्हतं.

मी म्हातारीकडं गेले. ती जवस, कारळं आणि तीळ विकायची. वजनकाटा नाही, लाकडी मापानं भरून द्यायची. पुस्तकाच्या हिशोबानं तिला बाजारातली सगळ्यांत चांगली जागा मिळाली होती. आसपासच्या गावांकडून येणारी माणसं तिच्यासमोरच उतरत होती. दोन तासांत तिच्याकडं कुणीही आलं नाही. उतरणाऱ्या माणसाला कारळं नको असतात. तिची गिऱ्हाईकं ठरलेली होती आणि ती तिला जिथं बघायची सवय होती तिथं बघत होती. मी पुन्हा एक्केचाळीस नंबरापाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा एक बाई लसूणवाल्याला विचारत होती, “मावशी न्हाय आली व्हय? चटणीला कारळं पायजे हुती.”

लसूणवाला म्हणाला, “ठावं न्हाय.”

मग त्यानं मला पाहिलं, त्याचे कान लाल झाले आणि त्यानं लसणाची वेणी करकचून ओढली.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकता ऐकता दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालावर सही केली.

“छान. हे ‘अभ्यासाच्या मर्यादा’मध्ये टाका. दोन ओळी.”

“सर, पण त्या बाईची जागा गेली.”

“तुमच्या नमुन्यात ती होती का?”

“नाही.”

“मग?” त्यांनी खरोखरच न समजून विचारलं. “आणि हे बघा, प्रकल्प स्वतंत्र आहे. स्वतंत्र म्हणजे अशा गोष्टी तुमच्या तुम्हीच सोडवायच्या.”

तीन दिवस मी घरात फेऱ्या मारत होते. वडील एकदा म्हणाले, “फरशी झिजेल.” मला सगळे नंबर पुसायचे होते, पण ऑइलपेंट पुसला जात नाही, आणि एकशे सात माणसांनी तो पुसू दिला नसता. माझं बोलणं कुणी ऐकत नव्हतं, कारण मी खरं बोलत होते. मग लक्षात आलं की ते ऐकतात ते माझ्या पट्ट्याचं आणि पॅडचं. आयुष्यभर मी पट्टे, बिल्ले, कोट यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. चौथ्या गुरुवारी मी इस्त्रीचा ड्रेस घातला, ओळखपत्र बाहेर काढून नीट मधोमध आणलं, आणि कॉलेजचा शिक्का मारलेला एक कागद पॅडला लावला. शिक्क्यात जिल्ह्याचं नाव अजून जुनंच होतं. त्यामुळं कागद जास्तच खरा वाटत होता.

पेंटरकडून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. लसूणवाल्याच्या समोर टेप उघडून मधली जागा मोजली, वहीत लिहिली. मग म्हणाले, “ताडपत्री उचला.”

त्यानं उचलली. मी ढाप्यावर रंगवलं: ४१-अ.

“ह्यो ‘अ’ कुठनं आला म्याडम?”

“सुधारित यादी,” मी म्हणाले.

बाकी काही सांगावं लागलं नाही. सुधारित यादी काय असते, हे आपल्याकडं प्रत्येकाला माहीत आहे. तिच्याशी वाद घालता येत नाही. टबवालीनं उतरंड मागं घेतली, लसूणवाल्यानं ताडपत्रीची घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखं दिसलं, पण मी तेव्हा स्वतःवर इतकी खूश होते, की मी माझीच सुटका त्याच्या चेहऱ्यावर बघितली असेल.

मी काळीपिवळीपाशी जाऊन म्हातारीला घेऊन आले. ती बसली, बोचकं सोडलं, माप काढलं. तोवर माझ्याभोवती गर्दी झाली होती. त्रेसष्ट नंबरच्या भावाला ‘६३-अ’ हवा होता. एकाला ‘ब’सुद्धा चालणार होता. एकजण म्हणाला, बाजाराला येऊन अठरा वर्षं झाली, गेल्या महिन्यात सासुरवाडीला गेलो आणि नंबर हुकला, यात माझा काय गुन्हा. मी रंगाचा डबा पाठीमागं लपवला.

गर्दी पांगल्यावर म्हातारीनं मला जवळ बोलावलं.

“बाय, पुढल्या खेपेला म्या न्हाय येनार. डाक्टरकडं जायाचंय. सून यील. तिला बसू देतील न्हवं?”

“देतील की. नंबर आहे ना आता.”

“तू नगं सांगू,” ती म्हणाली, रागानं नाही. आणि शेजारी वळली. “तू सांग रं. सुनंला बसू देशील?”

लसूणवाला वेणीची गाठ मारत होता. “मावशी, नंबर हाय की तुमाला,” तो म्हणाला.

“नंबराचं न्हाय इचारलं. तुझं इचारलं.”

त्याच वेळी एक गिऱ्हाईक आलं, आणि तो त्याच्याशी बोलायला लागला. गिऱ्हाईक गेलं तरी तो वळला नाही. म्हातारीनं चष्मा सारखा केला आणि तिळात माप बुडवून ठेवलं. पुन्हा विचारलं नाही. इतकी वर्षं ज्यानं कुणी न सांगता जागा राखली होती, त्याच्याकडं आता राखायला काही उरलं नव्हतं. ते काम मी ढाप्यावर लिहून टाकलं होतं.

माझी माहिती गोळा करून झाली होती. पाचव्या गुरुवारी जायचं काही कारण नव्हतं, तरी मी गेले. आठवडाभर दुसरं काही सुचलं नव्हतं. अहवालाचं शेवटचं प्रकरण मी तीनदा लिहून तीनदा फाडलं होतं. अणदूरला एसटीतून उतरले तर काळीपिवळी भरेपर्यंत निघेना, म्हणून मी रिक्षा केली.

सून आली होती. चौतीस-पस्तिशीची, पदर खोचून बसलेली. जागा होती, पण सासूची होती तेवढी नव्हती. लसूणवाल्याच्या ताडपत्रीची कड ४१-अ मधल्या ‘अ’वर आली होती, हातभर आत. टबवालीकडूनही एक बादली सरकली होती. मी लसूणवाल्याकडं बघितलं. त्यानं नमस्कार केला, सरकारी माणसाला करतात तसा.

“मागं घ्या ना ती कड,” मी म्हणाले.

“नंबर दिसतोय की म्याडम,” तो म्हणाला. एक्केचाळीसचे दोन आकडे खरंच दिसत होते.

मी वाकून कड स्वतः उचलणार होते. तेवढ्यात सून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या म्याडम. तुमी काय दर गुरवारी येनार हाव का?” मग लसूणवाल्याकडं न बघता, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आमाला ह्यांच्याच शेजारी बसायचंय.”

लसूणवाल्याच्या हातातली वेणी थांबली. मी कडेकडं बघत राहिले. पाच मिनिटं गेली असतील. ती कड तिथंच होती. एक बाई कारळं विचारायला आली होती आणि माझ्या मागं अडकून उभी होती.

“जरा बाजूला व्हता का म्याडम?” सून म्हणाली. “गिऱ्हाईक थांबलंय.”